शेवटून पहिला डास

मित्रांनो, मी एक जुनी खोळ आहे. गादीची खोळ, दुसरं काही नाही. सध्या मुक्काम दौंडला, रेल्वे लायनीजवळच्या एका खोलीत, लोखंडी खाटेवर. माझा रंग मात्र विचारू नका. काळा म्हणावा तर उडालेला, कुठे हिरवट, कुठे निळसर, आणि शिवणीच्या आत बोट घालून पाहिलंत तर मी अजून पांढरी. नवीन पाहुणा आला की हमखास विचारतो, "ही गादी काय कोळशाच्या वखारीतनं आणली का वो?" विचारू दे बापडा. एके काळी मला बघायला शिरूरची बाजारपेठ रस्त्याच्या कडेला उभी राहायची, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

माझा जन्म शिरूरचा. अल्लाबक्षचाचा पिंजारी यांनी मला शिवलं. चांगल्या जाड मांजरपाटाची मी, एका मुलीच्या लग्नात द्यायच्या डबल गादीसाठी बेतलेली. पण ते लग्न मोडलं आणि गादी न्यायला कोणी आलंच नाही. मी दुकानाच्या फळीवर घडी होऊन पडले. खाली चाचा पिंजण घेऊन बसायचे. त्याची ताणलेली तात तुणतुणायची आणि कापसाचे पुंजके वर उडायचे. चाचांच्या भुवया, मिशा, कान, सगळं पांढरं. लोक म्हणायचे, चाचा जन्मापासूनच म्हातारे. चाचा हसायचे, मग खोकायचे. तेव्हा त्या खोकल्याचं कुणाला काही वाटत नसे. पिंजाऱ्याच्या घरात खोकला असायचाच.

फळीवरून मला खाली काढलं ते दौडीने. नव्वदच्या पुढची गोष्ट. शिरूरच्या एका तरुण मंडळाने सव्वीस जानेवारीला मौजेची दौड सुरू केली होती. मंडळाचे अध्यक्ष मारुतराव. सगळे त्यांना आबा म्हणायचे. मोठे बागायतदार, सोसायटीच्या राजकारणात मुरलेले, आणि आवाज असा, की लाउडस्पीकरवाल्याने त्यांच्याकडून शिकवणी घ्यावी. दर वर्षी दौडीला एक विषय असे, आणि त्या विषयाचं सोंग घेऊन लोकांनी यायचं असे. त्या वर्षीचा विषय होता मिश्री आणि तंबाखू सोडा, दात सांभाळा.

आबा दुकानात आले आणि म्हणाले, "अल्लाबक्ष, एक दात पायजे. चांगला माणसायेवढा."

"दात करून देतो आबा, पन आत शिरनार कोन?"

"तूच शिर की."

"मी? आवो, यष्टी सुटली तरी मी कवा पळलो न्हाई. फुडची धरतो."

"मग चालत ये. पळ म्हून कुनी सांगितलं?"

झालं! चाचांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मी फळीवरून पाहिली. मला खाली ओढलं, वर डोक्यासाठी भोक पाडलं, बाजूला हातांसाठी दोन, खाली पाय बाहेर निघतील अशी दोन टोकं केली, आणि मी दाढ झाले. दुसरा कोणी असता तर आत चिंध्या कोंबून मोकळा झाला असता. चाचा पडले जातिवंत पिंजारी. "कापूस घालायचा तर चांगला घालायचा," म्हणाले, आणि आत अस्तर लावून नवा पिंजलेला कापूस गच्च भरला, वर गादीसारखे टाके मारले. पण मोजमापही गादीचंच धरलं हो! माणसाचं धरायचं राहिलं. चार बाय सहाची दाढ घालून चाचा रस्त्यावर आले तेव्हा त्यांचे हात खाली येईनात आणि त्यांना खाली बसताही येईना.

बांगड्यांच्या दुकानाजवळच्या बोळात आम्ही अडकलो. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. पळणारे केव्हाच दौड संपायच्या मैदानावर पोचले होते. बायका माडीवरून ओरडू लागल्या. कोणीतरी पळत जाऊन आबांना सांगितलं, "आबा, दात अडकलाय!"

आबा मैदानातून गरजले, "मग हिसका मारा की! दात काय आपसूक पडतुया?"

चौघांनी पुढून ओढलं, चौघांनी मागून रेटलं. माझा एक टाका उसवला, कापूस बाहेर आला, तरी आम्ही सुटलो. आणि तोवर मैदानावर काय चाललं होतं ठाऊक आहे? बँड वाजत होता. बक्षिसं वाटून झाली होती, लोक निघायला लागले होते, पण आबा खुर्चीवरून उठले नव्हते. बँडमास्तरने हात दुखतात म्हटल्यावर आबा म्हणाले, "शेवटचा गडी रेघ वलांडत न्हाई तवर वाजवायचं. तो बी आपलाच गडी हाय." चाचांनी डुलत डुलत चुन्याच्या फक्कीची शेवटची रेघ ओलांडली, तेव्हा पहिल्या नंबराला मिळाली नसेल अशी शिट्टी पडली. आबांनी स्पीकरवरून पुकारलं, "शेवटून पहिला, अल्लाबक्ष पिंजारी!"

त्या दिवसापासून रीतच पडली. शेवटून पहिला येईपर्यंत बँड थांबायचा नाही.

मित्रांनो, माझी उमेदीची वर्षं ती. पुढच्या साली विषय होता पाणी अडवा, पाणी जिरवा. मेहरुनचाचीने, म्हणजे चाचांच्या बायकोने, मोठ्या तपेल्यात निळा रंग उकळला आणि मला त्यात बुडवलं. मी पाण्याचा थेंब झाले. चाची तोंडाने फार कडक. "म्हातारपनी सोंगं सुचत्यात," असं बडबडत ती मला काठीने ढोसायची, पण रंग एकसारखा चढेपर्यंत चुलीपासून हलायची नाही. नंतर वृक्षारोपणाचं साल आलं, तेव्हा निळ्यावर हिरवा चढवला. मग बरीच वर्षं मी हिरवीच होते. कधी झाड, कधी पोषण आहाराच्या साली कोबीचा गड्डा. कोबीच्या साली एक शेळी आमच्या मागे लागली होती. खरंच सांगते, माझी एक कड तिने चघळली.

आणि चाचा चालायचे कसे, ते सांगते. सुरुवातीची शिट्टी झाली की पोरं सुसाट निघायची. चाचा मात्र आधी स्टँडजवळच्या हॉटेलवाल्याला विचारायचे, काय म्हंता. तिथे उभ्यानेच अर्धा चहा. पुढे सोनाराच्या ओट्याला पाठ टेकायची. शाळेच्या पोरी आमच्याभोवती फेर धरायच्या. ओट्यावरच्या साळूबाई नावाच्या म्हाताऱ्या दर वर्षी तेच विचारायच्या, "ह्यो यंदा काय झालाय गं?" आणि काहीही सांगितलं तरी, "बाई बाई! शोभतुया बरं का," म्हणायच्या. एकदा एका पळणाऱ्याने चाचांना विचारलं, "चाचा, पळत न्हाई तर येता कशाला?" चाचा म्हणाले, "बाळा, तुला फुडच्याची पाठ दिसती. मला आख्खा गाव दिसतो. दुकानात बसलं की फकस्त कापूस दिसतो."

ते खरं होतं. वर्षभर त्या अंधाऱ्या दुकानात वाकून बसलेला माणूस त्या एका सकाळी ताठ चालायचा. मी आतून त्यांना बिलगलेली असे, म्हणून मला ठाऊक. छाती घरघरायची, पण मैदानाजवळ आलो आणि बँड ऐकू आला, की त्यांचं पाऊल आपोआप तालात पडायचं.

पण दिवस सारखे राहत नाहीत. शिरूरच्या दुकानांतून फोमच्या गाद्या आल्या. हलक्या, फुलाफुलांच्या, प्लॅस्टिकच्या पिशवीतून मिळणाऱ्या. सणसवाडीच्या कंपन्यांत कामाला आलेली माणसं भाड्याच्या खोलीत त्याच नेत. कापसाची गादी पिंजून घ्यायला कोणी येईना. आठ-आठ दिवस पिंजणाची तात वाजेनाशी झाली. त्यातच चाचांचा खोकला वाढला. जिना चढताना ते मध्येच बसू लागले. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि सांगितलं, की जन्मभराची कापसाची भुकटी आत बसली आहे. ती आता निघायची नाही. कापसाला हात लावायचा नाही आणि दगदग करायची नाही.

दुकान बंद झालं. चाचा दाराशी खुर्ची टाकून बसू लागले. कोणी रामराम केला की हात वर करायचे, बस्स. त्यांच्याकडे पाहून माझा जीव तुटायचा. त्यांच्यापाशी आता त्यांचं म्हणावं असं काय उरलं होतं? सव्वीस जानेवारीची एक सकाळ. त्यातही दोन वर्षं छातीने जाऊ दिलं नाही. दाराशी बसून लांबून येणारा बँड ऐकायचा आणि म्हणायचं, "आज लवकर थांबला गं."

मग ते साल आलं. त्याच्या आदल्या पावसाळ्यात चिकुनगुन्याची साथ येऊन गेली होती. घरोघरी माणसं सांधे धरून बसली होती. साहजिकच दौडीचा विषय ठरला, डास. चाचांनी ऐकलं आणि रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी चाचीला म्हणाले, "मेहरुन, खोळ काढ. काळी कर."

"छाती हाय का फाटका भाता? दारापस्तोर जाता येत न्हाई आन् दौडीला निघाले!"

"एक डाव. फकस्त एक डाव. बँडच्या म्होरं चालत जायाचं आन् यायाचं."

चाचीने मला बाहेर काढलं. मग तिने मला उजेडात धरलं आणि म्हणाली, "हिरव्यावर काळा चढंल. काळ्यावर मातुर काय बी चढत न्हाई. म्हंजी ही शेवटची. फुडल्या साली हट करायचा न्हाई. कबूल?"

"कबूल."

दौंडहून त्यांची मुलगी रुबी आली होती. तीही रडली, भांडली, शेवटी बापाचे पाय दाबत बसली. मग चाचांनी पिंजाऱ्याच्या जिवाला लागेल असं काम केलं. माझ्यातला निम्मा कापूस काढून टाकला. "वजन झेपत न्हाई आता," म्हणाले. मी ढिली, पोकळ झाले. वर तारेचे पंख आणि एक लांब सोंड बसवली. त्यांना लाज वाटत होती की काय, पण आरशात पाहून म्हणाले, "डास बी उपाशीच दिसतोय."

आता मंडळाबद्दल सांगायला हवं. मारुतराव आबा अर्धांगाने मळ्यात पडून होते. अध्यक्ष झाला होता त्यांचा पुतण्या माऊली. पोरगा वाईट नव्हता हं. सणसवाडीच्या कंपनीत सुपरवायझर होता, कामाला वाघ. त्याने दौड नीटनेटकी केली. टी-शर्ट आणले, छातीवर लावायचे नंबर आणले, घड्याळ लावून टायमिंग घेऊ लागला. लांबलांबचे पळणारे येऊ लागले. सोंगं कमी झाली. आबांनी अंथरुणावरून त्याला बजावलं होतं, "शेवटचा आल्याबिगर बँड थांबवू नगं." माऊली म्हणाला होता, "व्हय आबा." आणि तो खोटं बोलला नव्हता.

सकाळी टेबलाजवळ नंबर वाटत होते. एका पोराने चाचांनाही नंबर पुढे केला. चाचा संकोचाने मागे सरकले. "मला नगं बाळा. ते पळनाऱ्यांसाठी. मी कवा पळतो?" आणि खरंच, इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःला कधी पळणारा म्हणवून घेतलं नव्हतं. तसं म्हणवणं त्यांना फुशारकी वाटायची. मला तेव्हा काही वाटलं नाही. कपड्याची जात, पुढचं काय दिसणार?

शिट्टी झाली. सगळे गेले. आम्ही निघालो.

सुरुवातीला बरं चाललं होतं. हॉटेलवाला बाहेर आला, "चाचा! आलात व्हय!" म्हणून हात धरला. चहा घेतला नाही, घशाखाली उतरला नसता. पोरं ओरडली, "डास आला, डास आला!" चाचांनी सोंड हलवून दाखवली. पण सोनाराच्या ओट्याशी ते टेकले, ते बराच वेळ उठेनात. साळूबाई आता नव्हत्या. ओटा रिकामा होता. चाचांचा श्वास मला आतून लागत होता, वर जायचा आणि अडकायचा, कपाशीच्या बोंडात सरकी अडकावी तसा. रुबी मागून चालत होती. ती म्हणाली, "अब्बा, रिक्षा बघू?" चाचा म्हणाले, "रिक्षात बसून कुनी दौडीला येतं का येडे? आन् बँड वाजतुया न्हवं. ऐकायला येतंय."

येत होता. लांबून, पण येत होता. आम्ही चाललो. दहा पावलं टाकायची आणि थांबायचं. पुन्हा दहा. चाचा पुटपुटत होते, "वाजतुया. हाय अजून." मीही मनातल्या मनात म्हणत होते, वाजव रे बाबा, थांबू नको.

मैदानाच्या अलीकडच्या वळणावर बँड थांबला.

चाचाही थांबले. वाटलं, गाणं बदलत असतील. आम्ही उभे राहिलो. दुसरं गाणं सुरू झालं नाही. चाचा म्हणाले, "दम घेत असतील. त्यांना बी छाती हाय," आणि पुन्हा चालू लागले.

मैदानावर मांडववाल्यांची दोन पोरं खुर्च्या एकात एक घालत होती. स्टेजवरचं कापड निघालं होतं. पाण्याचे कागदी पेले सगळीकडे उडत होते. फक्कीची रेघ इतक्या पायांनी पुसली होती, की कुठे होती ते कळत नव्हतं.

"बँड कुठं गेला रं?" चाचांनी विचारलं.

"वो तो गया चाचा. पाटस में शादी में बजाना है उनको," एक पोरगा म्हणाला आणि पुन्हा खुर्च्या उचलू लागला.

चाचा वाकून जमिनीकडे पाहत रेघ शोधू लागले. कुठे थोडी पांढरी भुकटी दिसली, तिथून त्यांनी पाय पलीकडे टाकला. रुबीने टाळी वाजवायला हात उचलले आणि तोंडावर दाबून धरले. चाचा खाली बसले. निम्मा कापूस काढला होता ना, त्यामुळे बसता आलं.

तेवढ्यात माऊली मोटारसायकलवर परत आला, काहीतरी विसरलं होतं म्हणून. आम्हाला पाहून त्याचा चेहरा पडला. गाडी तशीच आडवी टाकून धावत आला.

"चाचा! तुमी दौडीत हुता? आवो, सगळे नंबर मोजले, भरले बरोबर. म्या म्हनलं सगळे आले. मगच बँड सोडला. चाचा, म्या इचारलं हुतं हो, कुनी ऱ्हायलंय का..."

"आसू दे," चाचा म्हणाले. दोन श्वास घेतले. "मी कुठं पळत व्हतो? चालत व्हतो."

माऊली खाली मान घालून उभा राहिला. आबांना काय सांगायचं, याचाच तो विचार करत असावा. त्याने चाचांना गाडीवर मधे बसवलं, मागून रुबीने धरलं आणि तसे आम्ही घरी आलो. माझा एक पंख वाटेत गळून पडला. कोणी उचलला नाही.

चाचीने दारातच विचारलं, "वाजला का बँड?" चाचा म्हणाले, "वाजला की." रुबीने आईकडे पाहिलं, आणि चाचीला कळायचं ते कळलं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. चाचाही दौडीबद्दल पुन्हा बोलले नाहीत. उन्हाळा त्यांनी कसाबसा काढला. पावसाळ्याच्या तोंडाला ते गेले. मला सांगतानाही जड जातं, मित्रांनो. ज्याच्या अंगाची ऊब मी इतकी वर्षं जपली, त्याच्या शेवटच्या अंथरुणात मी नव्हते. मी माळ्यावर होते, सोंडेसकट.

चाची दौंडला रुबीकडे राहायला आली, तेव्हा मलाही बांधून आणलं. तिने माझी भोकं शिवली, सोंड उसवली, उरलेल्या कापसाची पातळ गादी केली आणि स्वतःच्या खाटेवर घातली. तेव्हापासून मी इथे आहे. रात्री गाड्या जातात, खाट हलते. चाची जागीच असते.

वर्षभराने माऊली दौंडला आला. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. चहा झाल्यावर त्याने ते उघडलं. पितळेचा चांगला उंच कप होता. म्हणाला, "चाची, मंडळानं ठरवलंय. आता दर वर्षी जो शेवटी यील त्याला चाचांच्या नावाचा कप. ह्यो पैला तुमच्याकडं ठिवायचा."

चाचीने कप हातात घेतला, उलटासुलटा पाहिला, आणि त्याच्यासमोर परत ठेवला.

"लेका, तुझं मन चांगलं हाय. पन हे नगं मला. त्या दिशी वळनापस्तोर येऊन कुनी निस्तं बघितलं असतं, तर हे ठिवायची पाळी आली नसती."

माऊलीच्या डोळ्यांत पाणी आलं. चाचीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि बस चुकेल म्हणून त्याला उठवलं. कप तो परत घेऊन गेला.

मित्रांनो, मी फाटेपर्यंत या खाटेवरच असेन. तुम्हाला एवढंच सांगते. तुमच्याही गावात दौडी होतील, गॅदरिंग होतील, सहली निघतील. पहिला कोण आला हे सगळ्यांनाच दिसतं, त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला कुणाला सांगावं लागत नाही. मागे कोण राहिलंय हे मात्र मान वळवून बघावं लागतं. घरी निघण्याआधी तेवढी मान वळवा. वळणापर्यंत चालत जा आणि बघून या.